कूर्मदृष्टी

मृगाचा पाऊस डहाणूच्या किनाऱ्यावर कोसळू लागला, नैर्ऋत्येचा वारा उधाणाच्या पाण्याला बळ देऊ लागला आणि मासेमारीच्या होड्या खाडीत येऊन विसावल्या, म्हणजे चिंचणीपासून नरपड, चिखले आणि बोर्डीपर्यंतच्या वाळूवर ओंडके, नारळाची सोडणे आणि तुटक्या जाळ्यांची भेंडोळी यांच्या सोबतीने अधूनमधून एखादे जखमी समुद्रकासवही लाटेने आणून टाकलेले आढळते. कुणाचे पुढचे वल्हे नायलॉनच्या दोऱ्याने हाडापर्यंत कापलेले असते, कुणाच्या पाठीवर नौकेच्या पंख्याचा घाव असतो, तर कुणी फुप्फुसाच्या विकाराने एका अंगावर कलून, बुडी मारण्याची शक्ती गमावून बसलेले असते. अशा जिवांना आश्रय मिळावा म्हणून डहाणू वनविभाग वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन अँड ॲनिमल वेल्फेअर असोसिएशन या स्थानिक संस्थेच्या साहाय्याने डहाणूत समुद्रकासवांचे उपचार व पुनर्वसन केंद्र चालवीत आला आहे. ऑलिव्ह रिडले, हिरवे कासव, हॉक्सबिल अशा जातींची कासवे तेथे खाऱ्या पाण्याच्या हौदांत ठेवून बरी केली जातात, डॉ. दिनेश विन्हेरकर यांच्यासारख्या पशुवैद्यांनी त्यांची शुश्रूषा केली आहे, आणि वल्हे गमावलेल्या एका कासवास कृत्रिम वल्हे बसविण्याचा प्रयत्नही तेथे झालेला आहे. ज्या तालुक्यास भारत सरकारने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश ठरविले, त्या तालुक्याच्या लौकिकास हे काम साजेसेच म्हटले पाहिजे.

समुद्रकासवाचे दुःख उघड असते. घाव दिसतो, रक्त दिसते, दोरा दिसतो; आणि जे दिसते त्याविषयी माणसाचे मन लवकर द्रवते. जाळ्यात सापडलेल्या संरक्षित सागरी जिवास जाळे कापून सोडून देणाऱ्या मच्छीमारास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१८ साली सुरू केली, तीही या उघड दुःखाची दखल घेऊनच. या प्रकरणाचा विषय मात्र निराळा आहे. येथे ज्या कासवांविषयी लिहावयाचे आहे, त्यांना जाळ्याचा फास लागलेला नाही की नौकेचा पंखा लागलेला नाही. ती घरात राहिली, ओटीवर राहिली, न्हाणीघरातल्या टबात राहिली, मुलाबाळांच्या कौतुकात राहिली, आणि त्या कौतुकानेच ती रोगी झाली. त्यांचे दुःख दिसत नाही, कारण ते वर्षानुवर्षे, कणाकणाने साचते, आणि ज्याच्यावर ते साचते तो प्राणी जन्माचा मुका असतो.

ओटीवरचे कासव

बोर्डीच्या वाटेवरील एका चिकूच्या वाडीत काही कामानिमित्त माझे जाणे झाले, तेव्हा ओटीवर चहा पिता पिता पायाजवळच्या प्लास्टिकच्या टबाकडे माझे लक्ष गेले. टबात दोन बोटे पाणी होते आणि त्या पाण्यात, पाय आणि मान आत ओढून, एक तारा कासव बसले होते. काळसर पाठीवर प्रत्येक उंचवट्याच्या टोकापासून पिवळ्या रेषा किरणांसारख्या फाकलेल्या असतात, म्हणून त्याला हे नाव पडले. सहा वर्षांपूर्वी शहरातून आलेल्या कुणा पाहुण्याने ते मुलांसाठी भेट म्हणून आणले होते आणि मुले शिकावयास बाहेरगावी गेली तेव्हा ते घरच्या आजींच्या वाट्यास आले होते.

‘‘काही त्रास नाही हो त्याचा,’’ आजी म्हणाल्या. ‘‘ना आवाज, ना मागणं. ठेवलं तिथं असतं.’’

‘‘आजी, त्याला खायला काय घालता?’’

‘‘आपण खातो तेच. चपाती, भात, टोमॅटो. आणि चिकू तर फारच आवडतो. वाडीतला पिकला चिकू दिला की मान बाहेर काढतं.’’

मी त्यांच्या परवानगीने ते उचलून हातात घेतले. एवढ्या आकाराच्या कासवाचे जेवढे वजन हातास लागावयास हवे, तेवढे ते लागत नव्हते. डोळ्यांच्या पापण्या फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या. वरची चोच पोपटाच्या चोचीसारखी खाली वळली होती, त्यामुळे तोंड नीट मिटत नव्हते. पोटाच्या कवचावर अंगठा ठेवून हलकेच दाबले, तेव्हा जे दगडासारखे टणक असावयास हवे ते किंचित आत गेले आणि अंगठा काढताच पुन्हा वर आले. त्या क्षणी आजींचे वाक्य माझ्या कानात फिरून घुमले. ठेवले तिथे असते, कारण त्याच्या मागच्या पायांत चालावयाचे बळच उरले नव्हते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अवयव आवरून घेणाऱ्या कासवाची उपमा स्थितप्रज्ञास दिलेली आहे, आणि त्या उपमेचे संस्कार आपल्या मनावर इतके खोल आहेत की आत ओढून बसलेल्या कासवाकडे पाहून आपल्याला शांतीचा भास होतो. देवळात देवाच्या समोर जमिनीत बसविलेले दगडी कासव आपण लहानपणापासून पाहत आलो, तेही त्याच मुद्रेत असते. परंतु दृष्टान्तातले कासव आणि टबातले कासव यांची गल्लत होता कामा नये. जिवंत कासव अवयव आवरते ते भीतीने, थंडीने, अशक्तपणाने अथवा वेदनेने. निरोगी तारा कासव सकाळच्या उन्हात मान उंच करून, चारी पायांवर अंग जमिनीपासून उचलून, निश्चयाने चालत असते. हाती घेतले तर पाय झाडते, निसटू पाहते. ज्याला आपण ‘गरीब, शांत’ म्हणतो, ते बहुधा आजारी असते.

कवचाचे दप्तर

कासवाचे कवच म्हणजे त्याचे घर, अशी जी समजूत आहे ती मुळातून चुकीची आहे. घर सोडून बाहेर पडता येते. कासवास कवचातून बाहेर पडता येत नाही, कारण कवच हे त्याच्या सांगाड्याचेच रूप आहे. पाठीचा कणा आणि बरगड्या रुंद होऊन, एकमेकींत मिळून, सुमारे ६० हाडांची ही पेटी तयार झालेली असते आणि तिच्यावर आपल्या नखांसारख्या शृंगद्रव्याचे पट्ट बसविलेले असतात. त्या हाडांत रक्त खेळते, त्यांना संवेदना असते. म्हणून कवचाच्या कडेला भोक पाडून दोरी ओवणे म्हणजे जिवंत हाडात भोक पाडणे होय, आणि पाठीवर रंग देणे म्हणजे जिवंत अंगास लेप थापून ऊन अडविणे होय. ही दोन्ही कृत्ये घरोघरी हौसेने होत आलेली आहेत.

कवच जसे हाडाचे, तसे ते दप्तरही आहे. कासवास काय खाऊ घातले, किती ऊन मिळाले, हवेत ओल किती होती, याची नोंद त्यात होत राहते, आणि ज्याला ते दप्तर वाचता येते त्याला धन्याने सांगितलेली हकिगत आणि कासवाने सांगितलेली हकिगत ताडून पाहता येते. हाडाच्या बांधणीस कॅल्शियम लागते. अन्नात ते फॉस्फरसच्या दुपटीच्या आसपास असावे, असा पशुवैद्यांचा ठोकताळा आहे. आपल्या चपाती-भातात हे प्रमाण नेमके उलटे असते. कॅल्शियम पोटात गेले तरी ते रक्तात शोषले जाण्यास ड जीवनसत्त्व लागते आणि ते कातडीत तयार होण्यास सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा एक विशिष्ट पट्टा लागतो. हा पट्टा खिडकीच्या काचेतून आत येत नाही. काचेआडच्या उन्हात कासव ऊबदार होते, परंतु त्याची हाडे उपाशीच राहतात. मग शरीर नाइलाजाने आपल्याच सांगाड्यातून कॅल्शियम काढून रक्ताची गरज भागवू लागते. ठेवीतून खर्च चालविणाऱ्या घराचे जे होते तेच त्याचे होते. कवच मऊ पडते, जबडा लवचीक होतो, पाय वाकतात, आणि अखेर स्नायूंना कंप सुटतो.

कवचावरील उंचवट्यांची गोष्ट थोडी नाजूक आहे. तारा कासवाच्या पाठीवर काही उंचवटे निसर्गतःच असतात. किंबहुना वाळलेल्या गवतात ते उंचवटे आणि त्या पिवळ्या रेषा मिळून असा छायाप्रकाशाचा खेळ करतात की चार हातांवरचे कासव डोळ्यांस दिसत नाही. परंतु पिलू असताना कोरड्या हवेत, अतिपौष्टिक खाद्यावर आणि अपुऱ्या पाण्यावर जे कासव भराभर वाढविले जाते, त्याचा प्रत्येक पट्ट शिखरासारखा वर चढतो आणि दोन शिखरांच्या मध्ये खोल दरी पडते. कुत्र्याचे खाद्य, दुधात भिजविलेली बिस्किटे, अंडी यांच्यावर वाढविलेल्या कासवाची ही खूण मी अनेकदा पाहिली आहे. पट्टांवरील वलये मोजून वय सांगणारेही भेटतात. पण वलये वर्षाला एक या हिशेबाने पडत नाहीत, सुकाळ-दुष्काळाच्या हिशेबाने पडतात. दप्तर वाचताना तारखेपेक्षा मजकुराकडे लक्ष द्यावे, हे बरे.

नखांचा हिशेब आणि कायद्याचा हुकूम

हे प्राणी आपल्या घरांत येतात कसे, याचे उत्तर श्रद्धा, हौस आणि व्यापार या तिहींच्या संगनमतात आहे. कासव घरात असले की लक्ष्मी नांदते, ही समजूत जुनी; विहिरीत कासव सोडले की पाणी स्वच्छ राहते, ही चाल गावोगावची. याहून घातक समजूत वीस नखांच्या कासवाची आहे. अशा कासवाच्या योगाने गुप्तधन सापडते, या वेडापायी तलावा-ओढ्यांतून आणि माळावरून कासवे उचलली जातात आणि त्यांची नखे मोजली जातात. वास्तविक तारा कासवाच्या पुढच्या पायांस पाच-पाच आणि मागच्या पायांस चार-चार, म्हणजे एकूण १८ नखे असावयाची. आणि आपल्या गोड्या पाण्यातील मऊ पाठीच्या कासवाच्या प्रत्येक पायास तीन, म्हणजे १२ असावयाची. निसर्गाने केलेला हा हिशेब वीसपर्यंत जातच नाही, आणि तो जाईपर्यंत मोजणाऱ्याच्या हाती किती कासवे तडफडत असतील याची कल्पना वाचकांनीच करावी.

तारा कासव हे भारताच्या वायव्य भागातील गुजरात-राजस्थानच्या झुडपी, कोरड्या माळांवरचे, दक्षिणेकडील आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूच्या तशाच रानांतले आणि श्रीलंकेतले जनावर होय. शोभेसाठी त्याची जी लूट झाली, तिच्यामुळे आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराने २०१९ साली त्याला आपल्या पहिल्या परिशिष्टात घातले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ते पूर्वी चौथ्या अनुसूचीत होते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आल्यावर ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस, जाऊन बसले. ते पकडणे, विकणे, विकत घेणे किंवा घरी बाळगणे हा गुन्हा आहे, आणि पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांविषयीच्या गुन्ह्यास कमीत कमी तीन वर्षांचा कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड सांगितला आहे. मऊ पाठीच्या पाणकासवासही हेच संरक्षण आहे.

हा हुकूम कठोर आहे, आणि त्याच्या धाकाने एक नवेच संकट उभे राहते, ते असे, की घाबरलेला धनी रात्रीच्या अंधारात कासव नेऊन जवळच्या तळ्यात टाकतो. तारा कासव हे भूचर आहे. त्याला पोहता येत नाही, खोल पाण्यात ते बुडून मरते. उलट दुकानांतून बोटभर पिलू म्हणून विकले जाणारे लाल कानाचे पाणकासव, जे मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील, ते तळ्यात टाकले तर मरत नाही, वाढते, आणि आपल्या देशी कासवांच्या उन्हे खाण्याच्या जागा आणि अन्न बळकावते. जगातील सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. म्हणून डहाणू-तलासरीतल्या कुणाच्या घरी असे कासव असेल तर त्याने ते पाण्यात टाकू नये, रानात सोडू नये, दुसऱ्यास देऊ नये. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि रीतसर पंचनामा करून ते हवाली करावे. आजींना मी हेच सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी एवढेच विचारले, ‘‘नेतील, पण नीट ठेवतील ना त्याला?’’ अपराधाची भीती त्यांच्या मनात आली नव्हती असे नाही, पण ती मागाहून आली. आधी आली ती काळजी. ही काळजी खरी होती आणि तिच्यात फक्त ज्ञानाची उणीव होती, हे मी विसरू शकत नाही.

उलट्या पावली परत

सहा वर्षांत बिघडलेले शरीर सहा दिवसांत सुधारेल, अशी अपेक्षा कासवाच्या बाबतीत धरता येत नाही. सस्तन प्राण्यांच्या अंगात ऊब निर्माण करणारी भट्टी सदैव पेटलेली असते. कासवाच्या अंगात ती नसते, ते ऊब बाहेरून उसनी घेते. त्याचे पचन, रक्ताभिसरण, रोगाशी झुंजण्याची शक्ती, औषध पचविण्याची शक्ती, सारे बाहेरच्या उष्णतेवर अवलंबून असते. म्हणून कासवाच्या उपचाराची पहिली मात्रा औषधाची नसते, उबेची असते. अंगाखाली कोरडे, एका बाजूस ३२ ते ३५ अंश तापमानाची जागा आणि दुसऱ्या बाजूस सावलीचा गारवा अशी तजवीज करून, कोणत्या क्षणी कोठे बसावयाचे हा निर्णय त्याच्यावरच सोपवावा लागतो.

दुसरी मात्रा पाण्याची. कोमट पाणी उथळ पात्रात, हनुवटी बुडणार नाही इतपत घालून त्यात कासवास रोज पंधरा-वीस मिनिटे बसवितात. पुष्कळ दिवसांचे तहानलेले कासव त्या पाण्यात प्रथम नुसतेच बसते, मग हळूच मान पुढे करून नाकापर्यंत तोंड बुडविते आणि घशाची हालचाल होऊ लागते. ती हालचाल पाहण्यासारखी असते. याच वेळी ते मूत्रही सोडते, आणि त्या मूत्रातला पांढरा अंश पातळ चुन्यासारखा आहे की ओल्या वाळूसारखा खरखरीत आहे, यावरून शरीर किती सुकले आहे हे कळते. खरखरीत असेल तर मूत्राशयात खडा झाला आहे की काय, हे क्ष-किरणांनी पाहावे लागते.

अन्न हे तिसरे, पहिले नव्हे. आणि येथेच दयाळू माणसे चुकतात. उपाशी, थंड आणि सुकलेल्या कासवाच्या पोटात एकदम अन्न ढकलले तर ते पचत नाही, आतड्यात सडते, आणि रक्तातील क्षारांचे गणित बिघडून प्राणी दगावूही शकतो. ऊब आणि पाणी यांनी शरीर जरा सावरल्यावर मग पातळ हिरव्या खाद्याचा घोट नळीने, अगदी थोड्या प्रमाणात, घालतात. पुढे ते स्वतः खाऊ लागले की त्याच्या जातीचे अन्न सुरू करावयाचे: हरळी, जास्वंदीची पाने आणि फुले, तुतीची पाने, शेवग्याचा पाला, काटे काढलेला फड्या निवडुंग. हे सारे डहाणूच्या कुठल्याही वाडीच्या कुंपणावर फुकट मिळते. पालक नको, कारण त्यातील द्रव्य कॅल्शियमला अडकवून टाकते. आणि चिकू, जो या भूमीचा अभिमान आहे आणि ज्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, तो कासवाच्या पोटात जाऊ नये. गवतासारख्या तंतुमय खाद्यावर पोसलेल्या आतड्यात एवढी साखर गेली की ती आंबते, जुलाब होतात, आणि एरवी मर्यादेत असलेल्या कृमींस सुगी येते.

औषधांच्या बाबतीत माणसाच्या मापाने कासवाचा विचार करण्याचा मोह आवरावा लागतो. सेफ्टाझिडिम नावाचे एक प्रतिजैविक माणसास आठ-आठ तासांनी देतात. तेच कासवास सुमारे ७२ तासांनी एकदा पुरते, कारण त्याच्या शरीराचे घड्याळच मंद चालते. सुई बहुधा पुढच्या पायांत टोचतात, कारण मागच्या अंगातील रक्त थेट मूत्रपिंडांकडे जाण्याची वाट सरपटणाऱ्या प्राण्यांत असते. सुजलेले डोळे दिसले की अ जीवनसत्त्वाची सुई ठोकून देण्याची चालही सोडली पाहिजे. मांसाहारी पाणकासवांत ती सूज पुष्कळदा त्या जीवनसत्त्वाच्या अभावाने येते हे खरे, परंतु तृणाहारी तारा कासवात तिची कारणे श्वसनाचा संसर्ग, शरीर सुकणे अशी निराळी असू शकतात, आणि त्या जीवनसत्त्वाचा अतिरेक झाला तर अंगाची कातडी सोलून निघते. कासवास श्वासपटल नसते, त्याला माणसासारखे खोकून छाती मोकळी करता येत नाही. म्हणून नाकपुडीवर आलेला एक बुडबुडा, मान लांबवून तोंड उघडून घेतलेला एक श्वास, पाण्यात एका बाजूस कललेले अंग, एवढ्यावरून फुप्फुसाचा दाह ओळखावा लागतो. समुद्रकासवाचे एका अंगावर तरंगणे हेही काही वेळा त्याच जातीचे लक्षण असते; भूचर आणि जलचर यांची नाती अशा आजारपणात उघडी पडतात.

आणि मग ऊन. सकाळचे कोवळे, प्रत्यक्ष, काचेविना पडलेले ऊन, आणि त्याच्या जोडीस सावलीत पळण्याची मोकळीक. हे औषध कोणत्याही बाटलीत मिळत नाही आणि ते पुरते घेण्यास महिने लागतात. पोटाचे कवच पुन्हा टणक होते, वाढलेली चोच वैद्य हळूहळू घासून आकारास आणतो, पायांत बळ येते. पाठीवरची शिखरे मात्र जात नाहीत. जे दप्तरात एकदा नोंदले गेले ते खोडता येत नाही. परंतु चांगले दिवस आले की प्रत्येक पट्टाच्या कडेस नव्या वाढीची एक सपाट, फिकट किनार उमटू लागते, आणि वाचणाऱ्यास कळते की अमुक ठिकाणी जुना अध्याय संपला.

सुटकेचा प्रश्न

बरे झालेले कासव रानात सोडून द्यावे, हे मनास सहज पटणारे वाटते. पण या ‘सोडून द्यावे’ या दोन शब्दांत पुष्कळ जबाबदारी दडली आहे. डहाणूचे समुद्रकासव बरे झाले की त्याला त्याच्याच समुद्रात परत पाठविता येते. त्याचे घर समोर आहे. ओटीवरच्या तारा कासवाचे घर कोठे आहे? डहाणू-तलासरीचे दमट, पावसाळी वन हा त्याचा मुलूख नव्हे. वायव्येकडील तारा कासवे, दक्षिणेकडील तारा कासवे आणि श्रीलंकेतील तारा कासवे यांच्यांत दीर्घकालाचे अंतर पडलेले आहे. एकीकडचे उचलून दुसरीकडे सोडले तर दोन्ही घराण्यांच्या वंशरेषा गढूळ होतात. शिवाय घरात, दुकानात, तस्करांच्या पोत्यांत अनेक जातींच्या कासवांसोबत राहिलेला प्राणी असे रोग घेऊन आलेला असू शकतो की जे त्याला स्वतःला मारणार नाहीत, पण रानातल्या निरोगी कासवांत पसरतील. म्हणून सुटकेपूर्वी विलगवास, तपासण्या, आणि शक्य तेथे मूळ प्रदेशाचा शोध, एवढे सोपस्कार व्हावे लागतात. मग त्या मुलखातील मोठ्या कुंपणात त्याला काही काळ ठेवून, तिथले गवत, तिथला पाऊस, तिथली माती यांची ओळख होऊ द्यावी लागते. तारा कासव पावसाळ्यात विशेष हिंडते, त्याच्या जोडीदारीचा काळही तोच. म्हणून सुटकेचा मुहूर्तही पावसाळ्याचाच योग्य ठरतो.

ज्याची हाडे कायमची वाकली, ज्याला अन्न शोधण्याची सवयच लागली नाही, ज्याचा मूळ मुलूख कळला नाही, त्याने आमरण माणसाच्या देखरेखीखाली राहावे, हेही पुनर्वसनच आहे. अनेक दशके जगणाऱ्या या प्राण्याच्या बाबतीत हा शब्द उच्चारणाऱ्याने पुढच्या पिढीच्या वतीनेही वचन दिलेले असते. न्यायालयाच्या कागदांत ते ‘मुद्देमाल’ असते, शासनाच्या दृष्टीने ते सरकारी मालमत्ता असते, परंतु रोज सकाळी त्याच्यासमोर पाला ठेवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ते कुणीतरी सोपविलेली अमानत असते.

आपल्या संतसाहित्यात कूर्मदृष्टीची एक सुंदर कल्पना आहे. कासवी आपल्या पिलांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही. ती दुरून नुसती पाहते आणि त्या प्रेमळ दृष्टीनेच पिलांचे पोषण होते, असे तेथे मानले आहे. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ही गोष्ट खरी नाही. कासवी अंडी जमिनीत पुरते, माती सारखी करते आणि निघून जाते. पिले जन्मतात ती पोरकीच. पण त्या कल्पनेतले सत्य कासवीकडून माणसाकडे आणले तर ते मला अक्षरशः खरे वाटते. ज्या कासवाला आवाज नाही, ज्याला तक्रार करता येत नाही, ज्याचे दुःख महिन्यांच्या गतीने वाढते, त्याचे पोषण पाहणाऱ्याच्या दृष्टीवरच होते. त्या ओटीवर सहा वर्षे रोज सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर पडत होत्या, तरी डोळे कधी मिटले आणि पाय कधी ओढले जाऊ लागले, हे कुणाच्या ध्यानी आले नाही. कारण ते कसे असावयास हवे हे कुणालाच ठाऊक नव्हते, आणि जे ठाऊक नाही ते डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही.

त्या कासवाची रवानगी झाल्यावर पुढे कित्येक महिन्यांनी मला ते पुन्हा पाहावयास मिळाले. पाठीवरची शिखरे तशीच होती. डोळे उघडे होते, काळेभोर, ओलसर. त्याच्या कुंपणाशेजारच्या खिळ्याला एक शाळकरी वही अडकविलेली होती, तिची पाने ओल्या हातांनी चाळून चाळून सुजली होती. प्रत्येक दिवसाची एक ओळ: तारीख, वजन ग्रॅममध्ये, पाण्यात बसविले की नाही, मूत्राचा रंग, विष्ठा झाली की नाही. अन्नाच्या रकान्यात पानामागून पाने एकच नोंद होती, ‘नळीने भरवले’; तिच्याखाली तीच खूण, पुन्हा तीच खूण. वजन कधी चार ग्रॅमने चढलेले, कधी तीनाने उतरलेले. मी उभ्या उभ्या वाचीत गेलो. मग एका तारखेपुढे, इतर ओळींहून जरा मोठ्या अक्षरांत, लिहिलेले आढळले: ‘जास्वंदीचे पान, अर्धे. स्वतःहून.’

परतताना वाट वाकडी करून मी ती ओळ आजींना सांगावयास गेलो.